संकेतस्थळांचा जीर्णोद्धार

दिल्लीहून यमुना ओलांडून आग्नेयेकडे गेले की नोएडा लागते. १९७६ साली स्थापन झालेल्या न्यू ओखला औद्योगिक विकास प्राधिकरणाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांपासून हे नाव तयार झाले. आज ते इतके रूढ झाले आहे की, मुळात ते एका सरकारी कार्यालयाचे संक्षिप्त नाव होते हे सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. या नगराच्या सेक्टर ६२ मध्ये तीन राष्ट्रीय संस्था आहेत. एक राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्र, दुसरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि तिसरी सी-डॅक या नावाने परिचित असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राची नोएडा येथील शाखा. तिघींची कामे वरवर पाहता अगदी भिन्न आहेत. परंतु पंधरावीस वर्षांपूर्वी उभारलेली आणि आता जीर्ण झालेली संकेतस्थळे कशी वाचवावीत, हा जो प्रश्न आज कार्यालये, ग्रंथालये आणि भाषासंस्था यांच्यापुढे उभा आहे, त्याचा विचार करताना या तिन्ही संस्थांच्या कामाचे स्वरूप ध्यानी घेणे उपयोगाचे ठरेल.

प्रथम हवामान केंद्राचे काम पाहावे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी दोन नवे महासंगणक देशाला अर्पण करण्यात आले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील यंत्राचे नाव ‘अर्का’ आणि नोएडाच्या यंत्राचे ‘अरुणिका’. अरुणिकाची क्षमता ८.२४ पेटाफ्लॉप आहे, म्हणजे हे यंत्र एका सेकंदात सुमारे आठ हजार दोनशे लक्ष कोटी आकडेमोडी करू शकते. वारा, उष्णता, आर्द्रता यांची समीकरणे सोडविण्यासाठी एवढे बळ लागते. परंतु ते गणित ठराविक वेळी एकदाच होते. त्यातून जे नकाशे आणि जे आकडे निघतात ते सर्वांना सारखेच दिले जातात. लातूरच्या शेतकऱ्याने विचारले म्हणून एकदा आणि रत्नागिरीच्या नाखव्याने विचारले म्हणून पुन्हा एकदा, असे ते गणित नव्याने मांडले जात नाही. तसे करावयाचे ठरविले तर पृथ्वीवरील सारे महासंगणकही पुरे पडणार नाहीत.

दुसरी संस्था मुक्त विद्यालयाची. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती सुरू झाली. शाळेत जाऊ न शकलेल्या मुलामुलींना आणि प्रौढांना ती घरबसल्या शिकविते आणि तिच्या माध्यमिक अभ्यासक्रमाच्या माध्यमांत मराठीही आहे. या संस्थेजवळ दोन प्रकारचा मजकूर असतो. पाठ्यपुस्तक सर्व विद्यार्थ्यांना एकच. कोणत्या विद्यार्थ्याने प्रवेश घेतला, कोणाला किती गुण मिळाले, हे मात्र प्रत्येकाचे वेगळे आणि ते दुसऱ्याने पाहण्याचे कारण नाही. सर्वांस समान असलेला मजकूर आणि व्यक्तिगणिक बदलणारा मजकूर, हा भेद कोणत्याही कचेरीतील साध्या कारकुनालाही ठाऊक असतो. जुनी संकेतस्थळे बांधताना मात्र नेमका हाच भेद बहुधा विसरला गेला.

तो का विसरला गेला, याला इतिहास आहे. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जगातील पहिले संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्यातील प्रत्येक पान ही लिहून ठेवलेली एक फाईल होती. ज्या संगणकाला सर्व्हर म्हणतात, त्याचे काम एवढेच की, जी फाईल मागितली जाईल ती उचलून द्यावी. पुढे १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणनकेंद्रात अशी योजना निघाली की, सर्व्हरने तयार फाईल देण्याऐवजी एखादी आज्ञावली चालवावी आणि तिने त्या क्षणी जे पान रचले ते वाचकाकडे पाठवावे. १९९५ साली रास्मुस लेर्डॉर्फ यांनी पीएचपी ही साधने लोकांना खुली केली आणि हे काम हौशी माणसालाही साधू लागले. त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांत जवळजवळ सारी संकेतस्थळे याच रीतीने बांधली गेली. मजकूर डेटाबेसमध्ये, पानाचा साचा आज्ञावलीत आणि वाचकाने विनंती केली की दोहोंची जुळणी सर्व्हरवर.

याला कचेरीतली उपमा द्यावयाची तर खिडकीमागे बसलेल्या कारकुनाची द्यावी लागेल. कोणी एखाद्या नियमाची प्रत मागितली की हा कारकून उठतो, दप्तरखान्यात जातो, बस्ता सोडतो, नियम शोधतो, कोऱ्या कागदावर त्याची नक्कल करतो आणि ती खिडकीतून देतो. पुढच्याच मनुष्याने तोच नियम मागितला तर कारकून पुन्हा उठतो. छापून ठेवलेल्या प्रतींचा गठ्ठा खिडकीपाशी ठेवावा असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

त्या काळी ही रीत सर्वस्वी चुकीची होती असे मात्र म्हणता येणार नाही. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. घरचा संगणक दुबळा, टेलिफोनच्या तारेवरून येणारा मजकूर थेंबाथेंबाने येणारा. अशा वेळी एखाद्या कोशातील एक शब्द शोधावयाचा तर सारा कोश वाचकाकडे पाठविणे अशक्यच होते. शोधण्याचे काम बलवान सर्व्हरने करावे आणि उत्तरापुरत्या चार ओळी पाठवाव्यात, हाच शहाणपणा होता. आता परिस्थिती पालटली आहे. त्याच १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला आराखडा सिद्ध केला, ती जावास्क्रिप्ट भाषा आज प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. खिशातल्या साध्या मोबाईलमध्येही त्या काळच्या सर्व्हरला लाजवील इतके बळ आले आहे. शोधणे, क्रम लावणे, निवड करणे ही कामे वाचकाचेच यंत्र निमिषात करू शकते.

परिस्थिती पालटली, परंतु संकेतस्थळे होती तशीच राहिली आणि मग त्यांना वार्धक्य आले. अशा संकेतस्थळाच्या पोटात अनेक थर असतात. तळाशी यंत्राची कार्यप्रणाली, तिच्यावर डेटाबेस, त्यावर आज्ञावलीची भाषा आणि सर्वांत वर कोणा एका अभियंत्याने लिहिलेली आज्ञावली. प्रत्येक थराला त्याचे आयुष्य असते. विंडोज सर्व्हर २००३ या प्रणालीचा आधार १४ जुलै २०१५ रोजी संपला. पीएचपीच्या पाचव्या आवृत्तीचा आधार २०१८ च्या अखेरीस संपला. पायथॉन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा १ जानेवारी २०२० रोजी संपला. आधार संपला म्हणजे त्या दिवशी यंत्र थांबते असे नाही. त्यानंतर सापडलेली भगदाडे बुजविणारा कोणी राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग एखादे दिवशी कोणी उपद्रवी त्यातून आत शिरतो किंवा सुरक्षा-तपासणीत संकेतस्थळ नापास होते. दुरुस्ती करावी तर मूळ अभियंता केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो, देखभालीच्या कराराची मुदत संपलेली असते आणि ज्या अधिकाऱ्याने ते हौसेने उभारले त्याची बदली झालेली असते. नव्या अधिकाऱ्यापुढे सर्वांत निर्धोक मार्ग एकच उरतो. तो यंत्र बंद करण्याचा आदेश देतो, आणि नियमाने पाहता त्याचे काही चुकत नाही.

येथे जे हरपते ते मात्र फार मोठे असते. अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगातील पानांच्या नकला जतन करीत आली आहे. बंद पडलेली कितीतरी संकेतस्थळे तिच्या संग्रहात आजही वाचता येतात. तिची यांत्रिक पाखरे एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातात आणि दिसेल ते टिपून आणतात. परंतु जेथे दुवा नाही, नुसती शोधपेटी आहे, तेथे त्यांचा इलाज चालत नाही. पेटीत कोणता शब्द लिहावा हे त्यांना कळत नाही. त्यामुळे तयार पानांचे साधे संकेतस्थळ मेल्यानंतरही बहुधा वाचनीय राहते, आणि डेटाबेसवर बेतलेला कोश, सूची किंवा दफ्तर मेले तर संग्रहात त्याची केवळ रिकामी शोधपेटी उरते. वाचक तीत शब्द लिहितो आणि उत्तर येत नाही. मराठीसारख्या भाषेत, जिचे कोश, ग्रंथसूची, गावांच्या नोंदी आणि जुने दस्तऐवज अगदी मोजक्या ठिकाणी इंटरनेटवर आले आहेत, असे एक संकेतस्थळ गेले तर त्याची जागा घ्यावयास दुसरे बहुधा नसते.

यास्तव अशा संकेतस्थळांच्या जीर्णोद्धाराचा जो मार्ग आता रूढ होत आहे तो समजून घेतला पाहिजे. त्याचे सूत्र हवामान केंद्राच्या सूत्राहून वेगळे नाही. सर्वांस समान असलेले सारे एकदाच रचून, साध्या फायलींच्या रूपाने ठेवून द्यावयाचे. सर्व्हरने आज्ञावली चालवावयाची नाही, फाईल उचलून द्यावयाची. आणि शोधण्यासारखे जे काम उरते ते वाचकाच्या ब्राउझरवर सोपवावयाचे.

एका खऱ्या ग्रंथाचे गणित मांडले म्हणजे हे स्पष्ट होईल. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि दुसरी, वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयाने हा कोश इंटरनेटवर आणून मराठी अभ्यासकांवर मोठे उपकार केले आहेत. वाचकाने शब्द लिहावा, तो शिकागोच्या सर्व्हरकडे जावा आणि तेथून उत्तर यावे, अशी त्याची योजना. आता असाच साठ हजार शब्दांचा कोश साध्या फायलींत बसवावयाचा असे समजावे. प्रत्येक नोंदीला सरासरी चारशे बाइट धरले तर सारा कोश दोन कोटी चाळीस लक्ष बाइटांचा, म्हणजे चोवीस मेगाबाइटांचा होतो. मोबाईलवर काढलेल्या सहासात छायाचित्रांचे वजन एवढे असते. शब्दांच्या आरंभीच्या अक्षरांप्रमाणे त्याचे चारशे तुकडे केले तर एकेक तुकडा सरासरी साठ हजार बाइटांचा होईल. वाचकाने ‘कावड’ हा शब्द लिहिला की ब्राउझर फक्त ‘का’ या अक्षराची फाईल मागवील आणि तीत तो शब्द स्वतः शोधील. शिवाय प्रत्येक नोंदीचे स्वतंत्र पान आणि त्या पानाकडे जाणारा दुवा असला की जतन करणाऱ्या संस्थांनाही ते टिपता येईल. खरे पाहता छापील कोश याहून निराळे काही करीत नव्हता. मोल्सवर्थांनी शब्द वर्णानुक्रमाने लावून ठेवले आणि शोधण्याचे काम वाचकाच्या बोटांवर सोपविले. प्रत्येक वाचकासाठी ग्रंथालयाने एकेक कोशकार बसवून ठेवावा, अशी कल्पना कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

या कामात मराठीपुरत्या काही खास अडचणी आहेत आणि येथे सेक्टर ६२ मधील तिसऱ्या संस्थेचे स्मरण होते. सी-डॅकची स्थापना १९८८ साली पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली झाली, आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कार्यात तिचा वाटा मोठा आहे. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण मान्य झाले आणि त्याच साली युनिकोड या जागतिक प्रमाणातही देवनागरीला जागा मिळाली. तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टमध्येच लिहिली जात राहिली. अशा मजकुरात यंत्राच्या दृष्टीने एकही देवनागरी अक्षर नसते. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या रांगा असतात, आणि तो विशिष्ट फॉन्ट जवळ असला तरच त्या डोळ्यांना मराठी दिसतात. फॉन्ट हरवला की मजकूर समोर असूनही वाचता येत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले होते आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधून काढीपर्यंत बाहेरच्या जगाला ते वाङ्मय बंदच होते. महानुभावांनी ते जाणूनबुजून केले. संकेतस्थळांच्या बाबतीत ते अनवधानाने घडले. म्हणून जीर्णोद्धाराची पहिली पायरी ही की, सारा मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

तेवढ्यानेही काम संपत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्यापूर्वी ‘अ’ या अक्षरावर अर्धचंद्र जोडून ते लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. ‘दऱ्या’ या शब्दातील र दोन प्रकारे लिहिता येतो आणि तेथेही तोच घोटाळा होतो. वाचकाने एका प्रकारे लिहिले आणि कोशात दुसऱ्या प्रकारे असले तर शब्द असूनही ‘सापडला नाही’ असे उत्तर येते. वर्णानुक्रमाचेही तसेच. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरे शेवटी येतात, पण यंत्र क्ष या अक्षराला क आणि ष यांचा संयोग समजून क वर्णाखाली नेऊन बसविते. जुन्या संकेतस्थळात या गोष्टींची वासलात डेटाबेस प्रत्येक विनंतीगणिक आपल्या परीने लावीत असे किंवा लावीत नसे. नव्या रचनेत त्यांचा निकाल एकदाच आणि भाषा जाणणाऱ्या माणसाने बसून लावावा लागतो. हा या रीतीचा मोठा लाभ मानला पाहिजे. जे काम एकदाच करावयाचे असते ते काळजीपूर्वक करावयास सवड मिळते.

इतके सांगितल्यावर मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागतो तो दिवस घरोघरी उत्कंठेचा असतो. पंधरा लाखांहून अधिक मुलेमुली आणि त्यांचे पालक दुपारी एक वाजता एकाच वेळी निकाल पाहू लागतात. विद्यार्थ्याने आपला बैठक क्रमांक आणि आईचे नाव लिहावे, मग गुण दिसतात. एवढी गर्दी पाहून एखाद्या उत्साही अभियंत्याला वाटेल की, सर्वांचे गुण फायलींत घालावेत आणि आईचे नाव जुळते की नाही हे ब्राउझरनेच तपासावे. असे केले तर मोठा अनर्थ होईल. ब्राउझरकडे जे जे पाठविले ते ते वाचकाच्या हाती गेले. पडद्यावर ते दिसत नसले तरी थोडी माहिती असलेला मुलगा ती फाईल उघडून साऱ्या तुकडीचे गुण आणि साऱ्या मातांची नावे वाचू शकतो. कुलूप आणि किल्ली दोन्ही परक्याच्या हाती देऊन दार बंद आहे असे समजण्यासारखेच ते होय. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, परंतु तो झाला नसता तरी ही गोष्ट अनुचितच ठरली असती. तेथे पहाऱ्याला सर्व्हर हवाच. डेटाबेसची गुप्त परवली, पैसे देण्याघेण्याचे व्यवहार, अर्ज स्वीकारणे, ओळख पटविणे, ही सारी कामे पहाऱ्याच्या आतली आहेत.

हा भेद पाळला तर काय होते याचे एक विख्यात उदाहरण अमेरिकेचे आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथील सरकारने आरोग्यविम्यासाठी एक संकेतस्थळ खुले केले. त्याचा माहिती देणारा दर्शनी भाग जेकिल नावाच्या साधनाने आगाऊ रचलेल्या साध्या पानांचा होता. तो गर्दीतही तग धरून राहिला. विम्यासाठी नाव नोंदविण्याचा आतला भाग मात्र कोसळला आणि पहिल्या दिवशी उभ्या देशातून अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. आतल्या भागाला साध्या फायलींत बसविणे शक्यच नव्हते. परंतु माहिती वाचावयास आलेल्या लाखो लोकांचा भार त्या अवघड भागावर पडू नये एवढे तरी बाहेरच्या रचनेने साधले.

दुसरी मर्यादा वाचकाच्या बाजूची. सर्व्हरचा भार हलका करण्याच्या भरात तो वाचकाच्या मोबाईलवर लादला जाऊ नये. पान उघडताच आधी प्रचंड जावास्क्रिप्ट उतरवावयाची, मग तिने मजकूर मागवावयाचा आणि तोवर वाचकाने कोऱ्या पडद्याकडे पाहत बसावयाचे, अशी संकेतस्थळे हल्ली पुष्कळ दिसतात. महागड्या यंत्रावर ती झटकन उघडतात. जुन्या, स्वस्त यंत्रावर आणि अपुऱ्या जोडणीवर ती उघडतच नाहीत. पडद्यावरचा मजकूर ऐकून घेणाऱ्या अंध वाचकांचीही त्यांत कुचंबणा होते. मजकूर पानातच लिहिलेला असावा आणि आज्ञावली फक्त शोधासाठी असावी. ती न चालली तरी वर्णानुक्रमाच्या दुव्यांवरून वाचकाला इष्ट पानापर्यंत पोचता यावे, हा दंडक पाळला पाहिजे.

तिसरी गोष्ट कार्यालयांनी ध्यानात ठेवण्याची. तयार पाने आपोआप बदलत नाहीत. पत्ता बदलला, नियम सुधारला, मुद्रणदोष सापडला, तर मूळ मजकुरात दुरुस्ती करून पाने पुन्हा रचावी लागतात. यंत्राने ते क्षणात होते, परंतु करणारा माणूस नेमलेला असावा लागतो. म्हणून रचलेल्या पानांइतकाच मूळ मजकूर आणि त्यापासून पाने रचण्याची आज्ञावली यांचाही सांभाळ झाला पाहिजे. तसेच जुन्या संकेतस्थळाचे पत्ते शक्य तोवर तेच ठेवावेत. कोणा संशोधकाने आपल्या प्रबंधाच्या तळटीपेत, कोणा शिक्षकाने आपल्या वहीत जो पत्ता टिपून ठेवला असेल, त्याने त्याच पानावर पोचले पाहिजे.

एवढे पथ्य सांभाळले तर लाभ पुष्कळ आहेत. २०२२ साली ग्रेटर नोएडात योट्टा कंपनीचे भव्य डेटा सेंटर सुरू झाले. अशा वास्तूंतील यंत्रे अहोरात्र वीज मागतात आणि उत्तर भारताच्या उन्हाळ्यात त्यांना थंड ठेवण्यासाठी आणखी वीज लागते. तयार फाईल उचलून देणे हे त्या यंत्राचे सर्वांत हलके काम. पण खर्चाच्या बचतीपेक्षाही मोठा लाभ हा की, साध्या फायलींची नक्कल कोणालाही करता येते. किविक्स या २००७ साली सुरू झालेल्या उपक्रमाने विकिपीडियाची पाने अशाच रीतीने बांधून दिली आहेत. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यांत आहे. एकदा ती फाईल उतरवून घेतली की जेथे इंटरनेट पोचत नाही अशा शाळेतही तो वाचता येतो. संपादनासाठी विकिपीडियाला सर्व्हर लागतोच. वाचनासाठी तो लागत नाही. एखादा कोश, एखादी ग्रंथसूची अशा रूपात आली की तिची एक प्रत दिल्लीत, एक पुण्यात, एक बेळगावच्या वाचनालयात आणि एक परदेशी गेलेल्या कुटुंबाच्या संगणकावर राहू शकते. मग एक यंत्र बंद झाल्याने ती नष्ट होत नाही.

जुन्या पोथ्या टिकल्या त्या अशाच. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात होत गेल्या, त्यांत पाठभेद शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. आपली ओवी त्यांनी त्या ग्रंथात मिसळली नाही, आणि पुढे कोणी मिसळू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. जीर्ण संकेतस्थळाचा उद्धार करणाऱ्या अभियंत्यालाही तोच विवेक हवा. रंगरूप बदलावे, रचना सुधारावी, परंतु मजकुरातील एकही नोंद गळू नये आणि आपल्या पदरची एकही शिरू नये. पाने रचून झाल्यावर जुन्या डेटाबेसमधील नोंदी आणि नव्या पानांची संख्या मोजून जुळवून पाहावी.

हे काम कधी हाती घ्यावे, याला मात्र एकच उत्तर आहे. जुने यंत्र चालू आहे तोवर. चालत्या यंत्रातून मजकूर बाहेर काढणे हे बहुधा काही दिवसांचे काम असते. यंत्र बंद पडले, त्याची तबकडी निकामी झाली, परवलीचा शब्द जाणणारा मनुष्य निवृत्त झाला, म्हणजे पैसा खर्चूनही ते काम होईलच अशी शाश्वती नसते. ज्या कार्यालयाजवळ, ज्या ग्रंथालयाजवळ, ज्या भाषासंस्थेजवळ असे जुने संकेतस्थळ आहे, त्याने नव्याची निविदा काढण्यापूर्वी, समिती नेमण्यापूर्वी, आपल्या डेटाबेसची एक संपूर्ण प्रत साध्या मजकुराच्या फायलींत उतरवून घ्यावी आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. पुढचे सारे सावकाश झाले तरी चालेल.